माडावरचा माणूस आणि माडाखालचा माणूस

गोमंतकात पाऊस जवळ आला की दोन कामांची घाई सर्वत्र उडते. नारळांची पाडणी आटोपून माडांचे शेंडे साफ करून घ्यावयाचे असतात आणि घरावर, रस्त्यावर वा विजेच्या तारांवर झुकलेल्या आंबा, फणस, चिंच इत्यादी झाडांच्या फांद्या उतरवून टाकावयाच्या असतात. ही कामे पूर्वी गावातल्या गावातच होत असत. वाड्यावाड्याचा पाडेली ठरलेला असे. कोणत्या माडाचा बुंधा पोकळ झाला आहे, कोणत्या माडावर गांधीलमाश्या घर करतात, हे त्याला घरमालकापेक्षा अधिक ठाऊक असे. आज अनेक गावांतून हा पाडेली दिसेनासा झाला आहे. त्याच्या मुलांनी शिक्षण घेऊन अन्य व्यवसाय पत्करले, आणि त्यात वावगे असे काहीच नाही.

त्याच्या जागी एक निराळीच व्यवस्था हळूहळू उभी राहिली आहे. गावचा एखादा तरुण, किंवा बाहेरून येऊन स्थायिक झालेला एखादा कामगार, दोन-तीन सोबती जमवतो. दोर, कोयते, जमल्यास माडावर चढण्याचे यंत्र आणि एक यांत्रिक करवत विकत घेतो आणि मोबाईलवर कामे स्वीकारू लागतो. या धंद्याला ना दुकान असते, ना पाटी. घरमालक विचारतो तो दर, आणि ठेकेदार सांगतो तोही दरच. चढणारा माणूस कशाच्या आधाराने चढणार आहे आणि तो वर असताना खाली कोण उभे राहणार आहे, हे दोन प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. वस्तुतः या धंद्यातील बहुतेक सर्व बरेवाईट या दोन प्रश्नांच्या उत्तरांवर अवलंबून असते.

उंचीचा हिशेब

बाणावलीसारख्या उंच जातीचा माड पूर्ण वाढला म्हणजे पन्नास-साठ फुटांवर सहज जातो. त्याचा न सोललेला नारळ एक ते दीड किलो वजनाचा असतो. पन्नास फुटांवरून सुटलेला नारळ पावणेदोन सेकंदांत जमीन गाठतो आणि त्या वेळी त्याचा वेग ताशी ६० किलोमीटरच्या आसपास असतो. वरून माणूस सुटला तरी हिशेब हाच. खालच्या माणसाने ‘अरे!’ म्हणेपर्यंत सर्व काही होऊन गेलेले असते, तेव्हा सावधगिरीची जी काही व्यवस्था करावयाची ती चढण्यापूर्वीच केली पाहिजे.

येथे रेंदेर आणि पाडेली यांच्या कामातील एक भेद ध्यानात घेण्यासारखा आहे. सूर काढणारा रेंदेर त्याच माडांवर दिवसातून तीनदा चढतो. बुंध्याचा प्रत्येक वळसा त्याच्या पायांना पाठ असतो आणि शेंड्यात काही बिघडले तर ते त्याला त्याच दिवशी कळते. याउलट नव्या पद्धतीने दूरध्वनीवरून काम घेणारा माणूस सकाळी एका गावात तर दुपारी दुसऱ्या गावात असतो. त्याच्यापुढचा प्रत्येक माड अनोळखी असतो. रेंदेराला जी माहिती सवयीने मिळते, ती या माणसाने तपासून मिळवावी लागते. म्हणून चढण्यापूर्वी माडाभोवती एक फेरी मारून बुंधा पाहणे हे त्याच्या कामाचे पहिले अंग मानले पाहिजे. बुंध्याला भोके पडून त्यांतून तांबूस द्रव झिरपत असेल तर आत सोंड्या भुंग्याच्या अळ्या असण्याचा संभव असतो. कोयत्याच्या पाठीने ठोकल्यावर आवाज पोकळ येत असेल, मधला कोंब सुकून कलंडला असेल, किंवा माडावर वीज पडून गेली असेल, तर त्या माडावर माणूस चढवू नये. अशा माडाचे काय करावयाचे ते निराळे ठरवावे.

पूर्वापार चालत आलेली एक रीत अशी की, चढणे सोपे जावे म्हणून माडाच्या बुंध्यावर कोयत्याने खाचा पाडीत. पायाला आधार मिळतो खरा. परंतु माडाच्या खोडाला झालेली जखम आंब्या-फणसाप्रमाणे नवी साल येऊन भरून निघत नाही. खाच जन्मभर तशीच राहते, तीत पाणी मुरते, आणि ताज्या जखमेच्या वासाने सोंड्या भुंगा तेथे अंडी घालावयास येतो. तेव्हा चढण्याची साधने ही केवळ माणसाच्याच नव्हे, तर माडाच्याही हिताची आहेत.

चढण्याचे यंत्र

पाडेल्यांचा तुटवडा ही केवळ गोमंतकाची अडचण नाही. केरळातही तीच स्थिती उद्भवली आणि तिच्यातून एक उपयुक्त साधन निर्माण झाले. कण्णूर जिल्ह्यातील चेंबेरी येथील एम. जे. जोसेफ या शेतकऱ्याने पायाने चालवावयाचे, दोन भागांचे एक साधे यंत्र तयार केले. प्रत्येक भागाला पोलादी तारेचा एक दोर असतो आणि तो बुंध्याभोवती वेढला जातो. एका पायावर शरीराचा भार दिला की त्या बाजूची तार बुंध्याला घट्ट आवळली जाते आणि दुसरा भाग सैल करून वर सरकवता येतो. जिना चढल्याप्रमाणे एकेक पाऊल टाकीत माणूस शेंड्यापर्यंत पोहोचतो. आज माड असलेल्या राज्यांत हे यंत्र सर्वत्र दिसते.

१९८१ साली स्थापन झालेल्या नारळ विकास मंडळाने २०११ साली ‘माडाचे मित्र’ या अर्थाच्या नावाने एक प्रशिक्षण कार्यक्रम सुरू केला. सहा दिवसांच्या या शिक्षणक्रमात यंत्राने चढणे, शेंडा साफ करणे, कीड-रोग ओळखणे आणि प्रथमोपचार हे विषय शिकवले जातात. केरळात अनेक स्त्रियांनी या प्रशिक्षणाचा लाभ घेतला. माडावर चढणे हे अमुक जातीचे व पुरुषाचेच काम, ही समजूत त्यामुळे काही अंशी तरी ढळली.

तथापि या यंत्राविषयी अवास्तव भरवसा बाळगणे इष्ट नव्हे. ते सरळ, फांद्या नसलेल्या बुंध्यासाठी आहे. आंबा वा फणस यांच्यावर त्याचा उपयोग नाही. पोफळीच्या बारीक खोडासाठी निराळे साधन लागते. पावसाळ्यात बुंध्यावर शेवाळ धरले की तारेची पकडही कमी होते. सर्वांत महत्त्वाचे असे की, यंत्र माणसाला शेंड्याखाली नेऊन उभे करते, पण खरे काम तेथून पुढे सुरू होते. दोन्ही हात कोयत्याच्या कामात गुंतले, शरीर बाजूला कलले, की यंत्र त्याला धरून ठेवीत नाही. धरून ठेवतो तो पट्टा. यंत्र आहे म्हणून पट्टा नको, असे म्हणणारे चढणारे पुष्कळ भेटतात. त्यांचे म्हणणे त्यांच्या ठेकेदाराने मान्य करू नये.

पट्टा, दोर, शिरस्त्राण

कमरेभोवती बांधण्याचा नुसता पट्टा आणि सर्वांगाला आधार देणारा हार्नेस यांत मोठा फरक आहे. कमरेचा पट्टा बांधलेला माणूस सुटला, तर सगळा हिसका पोटाला आणि पाठीच्या कण्याला बसतो. कधी कधी माणूस उलटा होऊन पट्ट्यातून निसटूही शकतो. हार्नेसमध्ये तोच भार मांड्या, छाती आणि खांदे यांवर विभागला जातो. बाजारात दोन्ही वस्तू ‘सेफ्टी बेल्ट’ या एकाच नावाने विकल्या जातात, म्हणून घेताना पाहून घ्यावे लागते. भारतीय मानक संस्थेचे ३५२१ क्रमांकाचे मानक अशा पट्ट्यांसाठी व २९२५ क्रमांकाचे मानक कामगारांच्या शिरस्त्राणांसाठी आहे. वस्तूवर ते क्रमांक व मानकचिन्ह असल्याची खात्री करून घ्यावी. दुचाकीचे हेल्मेट येथे उपयोगी नाही. ते जड असते, त्याने मान वर करून पाहता येत नाही आणि ऐकूही कमी येते. कामगाराच्या शिरस्त्राणाला हनुवटीखाली बांधण्याचा पट्टा मात्र असलाच पाहिजे, नाही तर शेंड्याकडे पाहण्यासाठी मान मागे टाकताच ते डोक्यावरून खाली येते. शिरस्त्राण वरच्या माणसाइतकेच खालच्या माणसालाही हवे. नारळ पडतो तो खाली!

हार्नेसचा दोर माडाच्या बुंध्याभोवतीच अडकवावा, झावळीच्या देठाला अडकवू नये. हिरवी झावळीसुद्धा माणसाचा हिसका पेलीलच असे नाही आणि वाळकी तर हात लावताच सुटते. दोर सैल सोडलेला नसावा. पडल्यावर झेलणे हे त्याचे काम दुय्यम होय. माणूस पडूच नये इतका तो ताणलेला असावा.

फांद्यांच्या झाडावर रीत निराळी. तेथे दोराच्या टोकाला वाळूची लहान पिशवी बांधून ती एखाद्या जाड, जिवंत बेचक्यावरून फेकतात, मग तिच्यामागून चढण्याचा मुख्य दोर वर ओढून घेतात आणि त्या दोराच्या आधाराने माणूस चढतो. ज्या फांदीवर दोर टाकावयाचा तिच्यावर आधी खालून दोघांनी भार टाकून पाहावा. तोडण्याचे काम चालू असताना माणूस दोन ठिकाणी बांधलेला असावा, कारण ताणलेला नायलॉनचा दोर कोयत्याच्या एका फटकाऱ्याने तुटतो. करवत चालवावयाची असेल तेथे कमरेजवळचा दोर पोलादी तारेचा गाभा असलेला घेणे अधिक सुरक्षित.

काथ्याचा दोर गोमंतकात घरोघरी असतो आणि तो झावळ्या ओढण्यास व फांद्या उतरवण्यास चांगलाही असतो. परंतु माणसाच्या जिवासाठी तो वापरू नये. तो आतून कुजतो आणि बाहेरून ते कळत नाही. नायलॉनचा दोरही उन्हात पडून राहिला की दुर्बल होतो. चढण्याचा दोर आणि फांदी उतरवण्याचा दोर वेगवेगळे, शक्यतो वेगवेगळ्या रंगांचे ठेवावेत. एकदा ज्या दोराने मोठी फांदी झेलली त्याला पुन्हा माणूस बांधू नये.

यांत्रिक करवतीचे आकर्षण नव्या ठेकेदारांना फार असते. काम झपाट्याने होते, गिऱ्हाईकावर छापही पडते. पण पात्याच्या टोकाची वरची बाजू कशाला टेकली की करवत क्षणार्धात चालवणाऱ्याच्या तोंडाकडे उसळते. जमिनीवर दोन्ही पाय रोवून, दोन्ही हातांनी ती धरावी लागते. झाडावर एका हाताने ती चालवणे हे संकटाला आमंत्रण होय. जांघेपासून पायांपर्यंतचे जाड आच्छादन, डोळ्यांवर जाळी आणि कानांवर आवरण यांवाचून ती सुरू करू नये. मनगटाएवढ्या फांद्यांना हातकरवत पुरते. जाड फांदी असेल तर प्रथम खालून अर्धवट कापावे, मग थोडे पुढे सरकून वरून कापावे आणि उरलेला खुंट शेवटी काढावा. म्हणजे फांदी साल सोलीत बुंध्यावर आपटत नाही आणि झाडाची जखमही लवकर भरते.

थोडेच भांडवल असलेल्या माणसाने कोणत्या क्रमाने वस्तू घ्याव्यात, हा प्रश्न यातून आपोआप सुटतो. एक हार्नेस, दोर आणि सर्वांसाठी शिरस्त्राणे ही पहिली खरेदी. दुसरा हार्नेस आणि दुसरा दोर ही त्यानंतरची. यांत्रिक करवत सर्वांत शेवटी. व्यवहारात बहुधा याच्या नेमके उलट घडते. दुसरा हार्नेस कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर माडाखालच्या माणसाशी निगडित आहे.

माडाखालचा माणूस

हार्नेसने माणूस जमिनीवर आपटण्यापासून वाचतो, पण तो वर लोंबकळत राहतो. घेरी येऊन, गांधीलमाश्या चावून किंवा डोक्याला मार लागून जर तो निश्चल झाला असेल, तर उभ्या स्थितीत टांगलेल्या त्याच्या पायांत रक्त साचू लागते, मेंदूला ते अपुरे पडते, आणि थोड्याच मिनिटांत त्याची शुद्ध जाऊन जिवावर बेतू शकते. अग्निशमन दलाला बोलावले पाहिजे हे खरे. परंतु आडगावातील भाटात त्यांची शिडी पोहोचेपर्यंत जो वेळ जाईल तो या माणसापाशी नसतो. त्याला खाली आणू शकेल असा माणूस त्याच माडाखाली हवा. तो नुसता नारळ गोळा करणारा असून चालत नाही. त्याला स्वतःला चढता आले पाहिजे आणि त्याच्याकडे स्वतःचा हार्नेस व दोर असला पाहिजे. ज्या तुकडीत एकच चढणारा आणि एकच हार्नेस आहे, तिच्यातील हार्नेस अर्धेच काम करतो.

यावरून लहानात लहान तुकडी तिघांची ठरते. एक चढणारा, दुसरा खाली उभा असलेला चढणारा, आणि तिसरा रस्ता वा अंगण राखणारा. या तिसऱ्याला बिनकामाचा समजू नये. झाडाखालून मुले, गुरे व पाहुणे यांना दूर ठेवणे. नारळ व झावळ्या पडण्याच्या जागेत कोणी नसताना ‘सोड’ अशी हाक देणे. पडलेले नारळ मोजून ढीग लावणे, ही कामे त्याची असतात. हाक कोणी द्यावयाची हे आधी ठरलेले असावे, आणि एकानेच द्यावी. दोघे ओरडले की वरच्याला काहीच समजत नाही.

पुष्कळ ठेकेदार दोघांतच भागवतात. दोघेही चढणारे, दोघेही एकाच वेळी शेजारच्या माडांवर, आणि खाली कोणी नाही. वरवर पाहता यात काम दुप्पट होते. प्रत्यक्षात दोघांनाही उतरून नारळ गोळा करावे लागतात, झावळ्या ओढाव्या लागतात आणि दमलेल्या पायांनी पुन्हा चढावे लागते. तिघांच्या तुकडीत चढणारे दोघे आळीपाळीने वर जातात; एक जण वर असताना दुसऱ्याच्या पोटऱ्यांना विसावा मिळतो. दिवसाअखेर उरकलेले माड मोजले, तर तिसऱ्या माणसाची मजुरी वाटते तितकी वाया जात नाही. दोघांच्या तुकडीत मात्र दुपारनंतर कामाची गती मंदावते, आणि पाय घसरण्याचा संभव नेमका तेव्हाच अधिक असतो.

मजुरी कशी मोजावी, याचाही संबंध सुरक्षिततेशी आहे. घरमालकाने ठेकेदाराला झाडागणिक दर देणे स्वाभाविक आहे. त्याला किती झाडे उरकली एवढेच समजते. परंतु ठेकेदाराने तोच हिशेब आपल्या माणसांना लावला, की प्रत्येक माडामागे बुंधा तपासण्याची, हार्नेस बांधण्याची, खाली मोकळे झाले आहे काय हे विचारण्याची दोन-चार मिनिटे मजुराच्या खिशातून जाऊ लागतात. मग तो ती वाचवतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. हिशेबच तसा मांडलेला असतो. चढणाऱ्याला रोजाने पैसे द्यावेत, आणि एखाद्या माडावर तो चढावयास नकार देत असेल तर त्याचा रोज कापू नये. अनुभवी माणसाचा नकार हा ठेकेदाराच्या फायद्याचाच असतो.

माणसे निवडताना नात्यातला म्हणून वा स्वस्त म्हणून कोणालाही वर पाठवू नये. घेरी येणारा, फेफऱ्याचा विकार असलेला, आदल्या रात्री प्यालेला, ताप अंगावर काढणारा माणूस त्या दिवशी खालीच असावा. अठरा वर्षांखालील मुलाला चढवू नये, मग तो कितीही चपळ असो. दर कामाला नवी माणसे गोळा करण्याऐवजी दोन-तीन माणसे वर्षभर धरून ठेवणे ठेकेदाराला महाग वाटते. पावसाळ्यात माडांचे काम मंदावते हेही खरे. तथापि वर आणि खाली उभ्या असलेल्या दोघांना एकमेकांची हाक, खूण आणि सवय माहीत असणे हे विकत मिळण्यासारखे नाही. मंदीच्या दिवसांत दोर-पट्टे तपासणे, वादळाने मोडलेल्या फांद्या हटवणे, माडांना आळी करून खत घालणे अशी कामे अशा तुकडीला देता येतात, आणि बागायतदारांनाही तशी माणसे हवीच असतात.

विजेच्या तारा

फांदी वा झावळी तारेजवळ असेल तर प्रथम वीज खात्याच्या स्थानिक कार्यालयात कळवून प्रवाह बंद करून घ्यावा. प्रवाह बंद झाल्याचा निरोप खात्याच्या माणसाकडून प्रत्यक्ष मिळाल्याशिवाय काम सुरू करू नये. घरातले दिवे गेले म्हणजे तार बंद झाली असे मानणे धोक्याचे आहे. हिरवी फांदी व ओली झावळी यांतून वीज वाहते. नारळ वा आंबे काढण्यासाठी लांब ॲल्युमिनियमच्या काठ्या आता सर्वत्र मिळतात. त्या हलक्या म्हणून सोयीच्या, परंतु तारेला टेकल्या तर जीवघेण्या. तारेजवळच्या माडाला त्या लावूच नयेत. एखाद्याला झटका बसून तो फांदीशी चिकटून राहिला असेल तर प्रवाह तुटेपर्यंत त्याला स्पर्श करू नये.

उंचावरून पडलेल्या माणसाला चादरीत वा खुर्चीत घालून धावत नेण्याची चूक सर्रास होते. मान व कणा दुखावलेला असण्याची शक्यता असते. त्याला आहे तसा सपाट ठेवून, मान न हलवता, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. श्वास बंद पडला असेल किंवा रक्तस्राव होत असेल, तर अर्थात त्याकडे आधी लक्ष द्यावे लागते. कामाच्या ठिकाणाचे नाव, वाडा आणि वाटेची खूण ही तिसऱ्या माणसाला सकाळीच माहीत करून द्यावी. बाहेरगावहून आलेल्या मजुराला आपण कोणत्या वाड्यावर आहोत हे सांगता येत नाही आणि रुग्णवाहिका भलतीकडेच फिरत राहते.

जबाबदारी कोणाची

कामगाराला काम करताना अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी त्याला कामावर ठेवणाऱ्याची, हे तत्त्व १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने घालून दिले. ताड-माडांचा रस काढणे आणि झाडे तोडणे या कामांचा त्या कायद्याच्या परिशिष्टात नावानिशी उल्लेख होता. हे तत्त्व सामाजिक सुरक्षा संहिता २०२० मध्ये समाविष्ट झाले असून ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. त्यातील एक भाग प्रत्येक लहान ठेकेदाराने लक्षात ठेवावा. कामगाराने दारू घेतली होती किंवा दिलेला पट्टा जाणूनबुजून काढून ठेवला होता, हा बचाव किरकोळ दुखापतीच्या बाबतीत चालू शकतो. मृत्यू वा संपूर्ण कायमचे अपंगत्व आले असता तो चालत नाही. म्हणजे पट्टा विकत आणून घरी खुंटीला टांगला की ठेकेदार मोकळा झाला, असे नाही. तो बांधला जातो की नाही हे पाहणेही त्याच्याच हिताचे आहे.

विम्याची सोय आहे आणि ती महाग नाही. नारळ विकास मंडळाची ‘केरा सुरक्षा’ ही योजना खास माडावर चढणाऱ्यांसाठी असून तिच्या हप्त्याचा मोठा भाग मंडळ स्वतः भरते. याखेरीज बँकेत खाते असलेल्या १८ ते ७० वर्षे वयाच्या कोणालाही प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपये भरून सहभागी होता येते. अपघाती मृत्यू आल्यास कुटुंबाला २ लाख रुपये मिळतात. विमा असला म्हणून ठेकेदाराची कायदेशीर जबाबदारी मात्र संपत नाही. प्रशिक्षण व विमा यांविषयीची चौकशी आपल्या तालुक्याच्या विभागीय कृषी कार्यालयात करावी.

सरकारी कार्यालये, शाळा व पंचायती यांचाही या धंद्याशी वारंवार संबंध येतो. कचेरीच्या आवारातील माड, शाळेच्या छपरावर आलेली फणसाची फांदी यांसाठी दरपत्रके मागवली जातात आणि सर्वांत कमी दराला काम दिले जाते. कमी दर बहुधा तिसऱ्या माणसाला वगळूनच साधलेला असतो. दरपत्रक मागवतानाच तीन माणसांची तुकडी, दोन हार्नेस, सर्वांना शिरस्त्राणे व विमा या अटी घातल्या, तर सर्व ठेकेदारांचे दर एकाच पायावर येतात आणि काळजी घेणाऱ्या ठेकेदाराचे काम हातचे जात नाही. शाळेत असे काम सुटीच्या दिवशीच ठेवावे. वर्ग चालू असताना मुलांना खिडकीतून बाहेर डोकावू नका म्हणून सांगणे व्यर्थ आहे, हे शिक्षकांना सांगावयास नको.

संपूर्ण झाड तोडावयाचे असेल तर १९८४ च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार वृक्ष अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागते. माडालाही तो कायदा लागू आहे. २०१६ साली माड त्यातून वगळण्यात आला होता, परंतु २०१७ साली त्याचा पुन्हा समावेश झाला. परवानगीस काही दिवस लागतात, म्हणून धोक्याचे झाड पावसाच्या तोंडावर दाखवण्यापेक्षा फेब्रुवारी-मार्चमध्येच अर्ज करणे श्रेयस्कर. सुरक्षा विमा योजनेचे वर्षही १ जूनला सुरू होते. त्याआधी खात्यात २० रुपये शिल्लक आहेत ना, हे चढणाऱ्याने स्वतः बँकेत जाऊन पाहून घ्यावे.